कलाकार असल्याचा पुरावा

गेल्या पावसाळ्यात माझ्या एका विद्यार्थिनीचे आजोबा घरी आले, काखेत चादर घेऊन. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली, वरून सुतळी. सत्तरी ओलांडलेले, बारीक चणीचे, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. नातीनं आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं, आजोबांचा कलावंत मानधनाचा अर्ज भरायचाय, मॅडम तुम्ही कलेचा इतिहास शिकवता तर तुमचं एक पत्र जोडलं की बरं पडेल. वृद्ध कलावंतांसाठी १९५४-५५ सालापासून चालत आलेली ही राज्य सरकारची योजना. आता तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे आणि २०२४ पासून महिना ५,००० रुपये मिळतात. पन्नाशी उलटलेल्या कलावंताला अर्ज करता येतो. मी तो अर्ज वाचत गेले. नाव, पत्ता, उत्पन्न, कलाप्रकार. मग पुराव्यांची पाळी आली. कार्यक्रमांच्या पत्रिका, वर्तमानपत्रातली कात्रणं, प्रमाणपत्रं, सत्काराचे फोटो. शाहीर, तमाशातला सोंगाड्या, भजनी मंडळातला पखवाजवादक असा कुणीतरी लोकांसमोर उभा राहिलेला माणूस डोळ्यांपुढे ठेवून तो कागद तयार झालेला होता. मी आजोबांकडे पाहिलं. त्यांनी सुतळी सोडली आणि आमच्या दिवाणावर चादर पसरली.

"माझ्याकडं कागद काय नाय, मॅडम. ही हाय."

निळी-पांढरी चादर. मधोमध समोरासमोर दोन मोर, चारी बाजूंनी वेल. धुऊन धुऊन मऊ पडलेली, एका कोपऱ्याला विरत आलेली. सोलापुरात अशी चादर प्रत्येक घरात असते. पाहुणे आले की कपाटातून निघते, आहेरात येते, गावाला जाताना पिशवीत जाते, आणि इतकी सरावाची असते की तिच्याकडे कुणी नीट बघत नाही. आजोबांनी मोराच्या मानेवर बोट ठेवलं. "हितं बघा. पायऱ्या दिसतात का?" मी वाकून बघितलं. मान गळ्यापासून पाठीपर्यंत एका ओघात उतरलेली होती. "दिसणार नाय," ते म्हणाले, आणि चादर उलटी केली. निळ्यावरचा पांढरा मोर आता पांढऱ्यावरचा निळा झाला होता, मान तशीच. मग त्यांनी कोपऱ्यातलं लेबल माझ्यासमोर धरलं. कारखान्याचं नाव, चादरीचं माप, कशी धुवायची त्याच्या सूचना. मोर कुणी काढला हे त्यात नव्हतं. ते कधीच कुठल्याच चादरीवर नसतं.

पायऱ्यांचं त्यांनी मला नंतर नीट समजावून सांगितलं. जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणायच्या चादरीचं डिझाइन आधी साध्या कागदावर काढतात आणि मग ग्राफवर उतरवतात. मोठाल्या चौकटींचा कागद, त्यात लहान लहान चौकोन. एक चौकोन म्हणजे एका उभ्या धाग्याची आडव्या धाग्याशी गाठ. चौकोन रंगवला तर तो धागा उचलला जाणार, कोरा सोडला तर खाली राहणार. बारीक कुंचला, लाल पोस्टर कलर, आणि दिवस दिवस मान खाली. ग्राफ झाला की तो पंचिंगवाल्याकडे जातो. तो एकेक ओळ वाचत जाड पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतो, कार्डं दोऱ्यानं एकमेकांना बांधतो, ती माळ मागाच्या डोक्यावर चढते. प्रत्येक आडव्या धाग्याला एक कार्ड. आता अवघड भाग असा की मोराची मान वाकडी आणि कागदावर सगळे चौकोन. वळण म्हणजे मुळात पायऱ्याच. कुठली पायरी एका घराची ठेवायची, कुठली दोन घरांची, कुठे एक घर मुद्दाम चुकवायचं, म्हणजे विणल्यावर, धागा फुगल्यावर, दोन धुण्यांनंतर ती मान सलग उतरलेली दिसेल, हे ज्याला कळतं तो डिझायनर. लांबच लांब धागा मोकळा सुटला तर तो बांगडीत अडकतो, पायाच्या बोटात अडकतो, ओढला जातो. म्हणून मोठ्या सपाट जागेत कुठेतरी बारीक ठिपका टाकून तो धागा दाबायचा, आणि तो ठिपका पिसाऱ्याचाच भाग वाटला पाहिजे. आजोबा हे सांगताना हवेत बोटानं घरं मोजत होते. रेनेसान्सच्या चित्रकारांचं रेखाटन शिकवताना मी वर्गात जे जे बोलते, नजर, हात, माध्यमाची अडचण आणि त्या अडचणीतून काढलेली वाट, ते सगळं त्या बोटाच्या टोकाशी होतं.

मी पत्र लिहून दिलं. अमुक व्यक्तीनं अमुक दशकांत सोलापुरी चादरींसाठी आरेखनं केली, त्यांची शैली अशी ओळखू येते, मोराच्या मानेचं वळण, डोळ्याभोवती सोडलेलं एक कोरं घर, वेलीच्या पानांना दिलेला उजवा कल. तीन परिच्छेद मन लावून लिहिले. खाली सही केली. नातीनं पत्र वाचलं, घडी घालता घालता थांबली आणि म्हणाली, "मॅडम, शिक्का?"

शिक्का माझ्याकडे नाही.

मी इथल्या एका कला महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. दरवर्षी जून-जुलैत जाहिरात येते, मुलाखत होते, मग आदेश हाती पडतो. त्या आदेशात एक ओळ ठरलेली असते की सत्र संपताच ही नेमणूक आपोआप संपुष्टात येईल. तास झाला तर पैसे. मुलं स्टडी टूरला गेली, परीक्षा आली, दिवाळी लागली, मे महिना आला, की काही नाही. शिकवण्याआधी स्लाइड्स जमवण्यात जातात त्या रात्री, पेपर तपासण्याचे दिवस, मुलांच्या प्रबंधिका वाचून त्यांच्याशी बोलण्यात गेलेल्या दुपारी, हे कुठल्याच बिलात बसत नाही. बिल मंजूर होऊन हातात येईपर्यंत पुढचं सत्र अर्धं झालेलं असतं. २०१९ मध्ये यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, अतिथी प्राध्यापकाला तासाला १,५०० आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये असा दर ठरवला. तो वाचून आम्हा सगळ्यांना जरा हुरूप आला होता. पण तो दर आमच्यापर्यंत कधी उतरला नाही. मग उरलेल्या वेळात मी इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या मुलांच्या शिकवण्या घेते, दुसऱ्या एका संस्थेत आठवड्यातून काही तास जाते, कुणाच्या कॅटलॉगचं भाषांतर करते. बँकेत कर्जाची चौकशी केली तेव्हा टेबलामागच्या मुलीनं आदराने विचारलं, पर्मनंट की कसं, आणि मी सांगितल्यावर तिनं फॉर्म हळूच परत ड्रॉवरमध्ये ठेवला. तिचा काही दोष नव्हता. माझे वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. सकाळी भोंग्याच्या आधी गेटवर बदली कामगार उभे राहायचे, कुणाचा खाडा झाला तर आज काम, नाहीतर डबा तसाच घेऊन घरी, हे त्यांनी मला लहानपणी सांगितलं होतं. मी एम.ए. झाले तेव्हा त्यांना वाटलं, मुलगी त्या गेटपासून लांब गेली. मिल बंद पडली त्याला आता किती वर्षं झाली, पण ते गेट काही बंद झालं नाही.

एखादं चित्र कुणाच्या हातचं आहे हे ओळखून सांगणं, हे माझ्या विषयातलं सगळ्यात जुनं काम. सही नसलेल्या चित्रातल्या कानाच्या पाळीवरून, बोटांच्या नखांवरून हात ओळखणारी माणसं या विषयात होऊन गेली. त्यांच्या शब्दावर चित्रांची किंमत ठरायची. आणि सोलापुरात, जिथे बिनसहीच्या चित्रांचा ढीग घराघरांत घडी घालून ठेवलेला आहे, तिथे हे काम करू शकणाऱ्या माणसाच्या शब्दाला कागदावर वजन नाही, कारण तो माणूस मार्चअखेर असेल की नसेल हे त्याचं त्यालाच माहीत नाही. ज्याचा पुरावा हवा तो आणि जिनं तो द्यायचा ती, दोघंही एकाच दिवाणावर बसलेले होते. हे मला तेव्हापासून स्वस्थ बसू देत नाही.

आजोबांना पोचवायला म्हणून मी एकदा त्यांच्या घरी गेले. कुंभारीला, गोदूताई परुळेकर विडी घरकुलात. दहा हजार घरांची ही वसाहत २००६ मध्ये उभी राहिली, पंतप्रधान मनमोहन सिंग चाव्या द्यायला आले होते, हे इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. घर आजीच्या नावावर. आजी दारातच बसल्या होत्या, मांडीवर सूप, सुपात ओलसर तेंदूपानं, तंबाखू, पत्र्याचा फर्मा आणि कात्री. त्यांची बोटं माझ्याशी बोलताना एकदाही थांबली नाहीत. हजार विड्यांवर मजुरी, खराब म्हणून बाजूला काढलेल्यांचे पैसे कापायचे, पानं कमी दिली तर पदरची घालायची, खोकला तर घरातल्या सगळ्यांनाच. त्या कामात गोड असं काही नाही. पण आजींनी उठून ट्रंकेतून एक प्लास्टिकची पिशवी आणली आणि मला त्यांचं कार्ड दाखवलं. विडी कामगाराचं ओळखपत्र, फोटोसकट. पीएफचा क्रमांक. पावत्या. १९६६ च्या विडी कामगार कायद्यानं घरी बसून विडी वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं, आणि त्या एका मानण्याला धरून पुढचं सगळं आलं. युनियन आली, मोर्चे झाले, पुण्या-मुंबईपर्यंत बायका लेकरं घेऊन गेल्या, दवाखाना, मुलांची शिष्यवृत्ती, पीएफ, आणि शेवटी हे घर. आजोबांच्या आयुष्यभराच्या कामाचा एक कागद घरात नाही. आजींच्या कामाचा प्रत्येक कागद पिशवीत आहे. ज्या घराच्या भिंतीला टेकून आजोबा म्हातारपण काढतात ती भिंत विड्यांची आहे, मोरांची नव्हे.

मी आजोबांना विचारलं, तुम्हाला डिझाइनचे पैसे कसे मिळायचे? नगावर. कारखानदाराला पसंत पडलं तर एकदाच ठरलेली रक्कम, मग त्या डिझाइनवर त्यानं शंभर चादरी विणाव्यात की लाख. शेजारच्या कारखान्यानं तोच मोर उचलला, चोच जरा बदलली, तर विचारायला कुणी नाही. पसंत पडलं नाही तर महिन्याची मान मोडलेली फुकट. आजोबांची त्याबद्दल तक्रार नव्हती, हेच मला जास्त टोचलं. "आवड होती ना मला," ते म्हणाले. आमच्या स्टाफरूममध्येही हेच ऐकायला येतं. आवड आहे म्हणून करतो. संस्थाचालकही मुलाखतीत प्रेमानं म्हणतात, या क्षेत्रात आवड असलेलीच माणसं टिकतात. आवड खरी असते, माझीही आहे, आजोबांची तर त्या मानेच्या वळणात दिसतेच. पण विडी वळणाऱ्या बाईला कुणी आवड आहे का असं विचारलं नाही, म्हणून तिला मजुरी मागता आली. कलेच्या कामात आवड आधी मांडली जाते आणि मग तिच्यातूनच मोबदल्याची रक्कम वजा होते. हे मी शिकवायला लागल्यापासून बघते आहे आणि यात काहीही उदात्त नाही, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

शाळांमध्ये तर हे कायद्यातच लिहून ठेवलं आहे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा आपण सगळे चांगला मानतो, मीही मानते. पण त्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, समाजशास्त्र, भाषा या विषयांना शिक्षक सांगितला आहे, आणि शंभरावर मुलं असलेल्या शाळेत कला, आरोग्य-क्रीडा आणि कार्यानुभव यांना अंशकालीन निदेशक. अंशकालीन. म्हणजे चित्रकलेच्या माणसानं अर्धवेळ असावं हे ठरवूनच ठेवलं. माझ्याबरोबर ए.टी.डी., म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, झालेल्या मैत्रिणींपैकी काही जणींना पूर्ण पगाराची चित्रकला शिक्षकाची जागा मिळाली ती आधीची. त्यांच्यामागून निवृत्त झालेल्यांच्या जागा भरल्याच गेल्या नाहीत असं कितीतरी शाळांत झालं. हुशार मुलगा चित्रकलेत गेला की आई-वडील जे हळहळतात, ते उगीच नाही. त्यांना हिशेब कळतो.

व्हर्मिर शिकवताना मी एक गोष्ट न चुकता सांगते. डेल्फ्टचा हा चित्रकार १६७५ मध्ये वारला तेव्हा पदरी अकरा मुलं होती, त्यातली दहा अजाण. १६७२ मध्ये फ्रान्सनं हॉलंडवर स्वारी केली आणि चित्रांचा बाजार बसला. नवऱ्याला ना स्वतःची चित्रं विकता आली, ना तो ज्यांचा व्यापार करायचा ती, आणि याच चिंतेनं तो दीड दिवसात गेला, असं त्याच्या बायकोनं, कॅथरीनानं, पुढं अर्जात लिहिलं. पाववाल्याची उधारी तुंबली होती, ६१७ गिल्डर. जानेवारी १६७६ मध्ये कॅथरीनानं त्या पाववाल्याकडे, हेन्ड्रिक व्हान बाइटेनकडे, दोन चित्रं ठेवली. आज ती चित्रं ज्या संग्रहालयांत असतील तिथे भिंतीला हात लावू देत नाहीत. मुलं या गोष्टीत नेहमी रमतात, पावाच्या बदल्यात व्हर्मिर! यंदा ही गोष्ट सांगताना माझं लक्ष दुसरीकडेच गेलं. ही गोष्ट आपल्याला कळली कशी? ती उधारी लिहिली गेली म्हणून. डेल्फ्टच्या नोटरीनं दस्त केला, दप्तरात ठेवला, आणि तीनशे वर्षांनी येल विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणारा जॉन मायकेल मॉन्टियस नावाचा माणूस त्या दप्तरात वर्षानुवर्षं बसून व्हर्मिरच्या घराण्याचे, देण्याघेण्याचे कागद एकेक करून वाचत राहिला. चित्रकार रेम्ब्रांटचंही तेच. १६५६ मध्ये तो बुडाला, आणि जप्तीच्या यादीमुळे त्याच्या घरात काय काय होतं ते आपल्याला खोलीवार माहीत आहे. त्यांचं दारिद्र्यसुद्धा कागदावर आलं. सोलापुरातल्या दाजी पेठेतल्या डिझायनरचं देणं तोंडी, येणं तोंडी, आणि काम लेबलाखाली.

आणि मॉन्टियस तिथे बसू शकला कारण महिन्याच्या महिन्याला त्याचा पगार होत होता.

यासाठी डेल्फ्टला जायची गरज नाही. आनंद कुंभारांचं नाव सोलापुरात इतिहासाची आवड असलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. वीज मंडळात नोकरी करता करता ते गावोगाव हिंडले, देवळांच्या खांबांवरची, पडक्या भिंतींतली, शेतात आडव्या पडलेल्या दगडांवरची अक्षरं वाचत. जुनी कन्नड लिपी शिकून घेतली. धारवाडच्या श्रीनिवास रित्ती यांच्यासोबत त्यांनी सोलापूर जिल्ह्यातले शिलालेख संपादित केले, तो ग्रंथ १९८८ मध्ये आला आणि आजही या भागावर काम करणाऱ्याला तो चुकवता येत नाही. भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडलला देवळाच्या तुळईवर शके ९४०चा, म्हणजे १०१८ सालचा लेख आहे, जुन्यात जुन्या मराठी लेखांपैकी एक. मी दरवर्षी मुलांना तिथे नेते. बहुमुखी शिवलिंगाभोवती मुलं गोल फिरतात, चेहरे मोजतात, चुकतात, परत मोजतात. मी मात्र त्या तुळईखाली उभी राहून मनात वेगळाच हिशेब करत असते. कुंभारांची विद्वत्ता त्यांची होती, चिकाटी त्यांची होती, आणि त्या दोहोंना पुरेल इतका वेळ एका साध्या, कायमच्या नोकरीनं दिला. ते कुठल्या विद्यापीठात नव्हते याचं कौतुक आपण करतो. मला वाटतं, त्यांना दरवर्षी जूनमध्ये मुलाखत द्यावी लागली नाही, हेही तेवढंच मोलाचं. आज त्यांच्याइतकं वेड असलेली एक तरी मुलगी माझ्या वर्गात आहे असं मला वाटतं. ती दहा वर्षं एका दगडामागे लागू शकेल का, हे तिच्या वेडावर ठरणार नाही.

पंढरपूर आपल्या जिल्ह्यातलं, आणि १९१५ मध्ये तिथे जन्मलेले चित्रकार हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवत होते, ही गोष्ट सांगताना आपला ऊर भरून येतो. मलाही आवडते ती. पण होर्डिंगं रंगवणारे सोलापुरातही होते. आमच्या लहानपणी शुक्रवारी शाळेतून येताना भागवत चित्रपटगृहाच्या आवारात नवं पोस्टर चढलं का हे बघायला आम्ही वाट वाकडी करायचो. नायकाचे गाल निळसर-केशरी, नायिकेच्या ओठांवर पांढऱ्याचा एक फटका, खलनायकाच्या कपाळावर हिरवी सावली. जवळ गेलं की नुसते फटकारे, रस्त्याच्या पलीकडून माणूस जिवंत. रंग कसा लांबून वाचायचा असतो हे मी कुठल्याही पुस्तकाआधी तिथे शिकले. सिनेमा उतरला की त्याच कापडावर पांढरा हात फिरायचा आणि वर पुढचा सिनेमा. म्हणजे ज्यांनी शेकडो चित्रं रंगवली त्यांचं एकही चित्र उरलं नाही. मग फ्लेक्स आला आणि दोन-चार वर्षांत हात रिकामे झाले. कुणी गाड्यांचे नंबर रंगवायला लागला, कुणी गणपतीचे डोळे काढायला, कुणी घरीच बसला. पॉवरलूमच्या डिझायनरांवर कॉम्प्युटर आला, तसाच. तंत्र बदलतं, ते थांबवा असं मी म्हणणार नाही. पण लक्ष्मी-विष्णूचा कामगार बेकार झाला तेव्हा निदान तो बेकार झाला अशी नोंद झाली, त्याच्या देण्यांचे दावे चालले. पोस्टरवाल्याचं काम गेलं तेव्हा काही बंद पडलं असं कुणाला वाटलंच नाही.

या वर्षी मी मुलांना प्रबंधिकेसाठी हाच विषय दिला. अशोक चौक, साखर पेठ, भद्रावती पेठ, कन्ना चौक, जिथे जिथे अजून माग चालतात आणि रस्त्यावर उभं राहिलं तरी पायाखाली खडखड जाणवते, तिथे घरोघरी जायचं, जुने ग्राफ आहेत का विचारायचं, फोटो काढायचे, आणि कुणी काढला ते नाव लिहायचं. माळ्यावरून गठ्ठे निघाले. उंदरांनी कुरतडलेले, तंबाखूचा नि घासलेटचा वास असलेले, लाल रंग अजून ताजा. पुष्कळांनी आधीच रद्दीत घातले होते, पंचिंगची कार्डं तर किलोवर गेली. विद्यार्थिनीनं तीन चादरी मानेच्या वळणावरून आजोबांच्या म्हणून लावल्या. आजोबांनी दोन मान्य केल्या आणि तिसरीवर हात फिरवून म्हणाले, ही माझी नाय, पण माणूस मला म्हायती हाय, आणि त्या माणसाचं नाव, गल्ली, त्याच्या हाताची खोड असं सगळं सांगत बसले. माझ्या इतक्या वर्षांच्या शिकवण्यात मला त्याहून चांगला तास आठवत नाही. त्या तासाचं बिल होत नाही. लोक म्हणतात, मॅडम, तुम्ही विनामोबदला एवढं करता, मोठं काम आहे. ते मनापासून म्हणतात, पण मला हे कौतुक नको आहे. हे काम विनामोबदला होऊ नये. ज्या गठ्ठ्यांची नोंद आम्ही केली ते सध्या माझ्या घरी आहेत, कारण महाविद्यालयात कपाट मागितलं तर ते कुणाच्या नावावर द्यायचं हा प्रश्न येतो, आणि मार्चनंतर मी त्या संस्थेची कुणीच नसते.

आजोबांच्या अर्जाचं अजून काही कळलेलं नाही. पत्राला शेवटी एका निवृत्त मुख्याध्यापकांनी शिक्का दिला, चित्रकलेचे नव्हेत, ओळखीचे. नातीला पुढे बडोद्याला जाऊन कलेचा इतिहास शिकायचा आहे. १९५० पासून तिथे ललितकलांची विद्याशाखा आहे, आपल्याकडच्या किती तरी मुलांना ते ठिकाण स्वप्नासारखं वाटतं. मी तिला जा म्हटलं. पण खर्च, मग प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा, मग जागा निघण्याची वाट, तोवरच्या तासिका, प्रत्येक टप्प्याचे आकडेही एका कागदावर लिहून दिले, गोड करून न सांगता. घरच्यांसमोर बसून ते वाचले. पैसे आजीच्या पीएफचे लागणार आहेत. आजी विड्या बांधता बांधता सगळं ऐकत होत्या. मग त्यांनी मला विचारलं, हिला तिथून आल्यावर कार्ड मिळंल का? मी म्हटलं, लगेच नाही मिळणार आजी, मलाही अजून मिळालेलं नाही. त्या म्हणाल्या, मग युनियन कुठली तुमची? पावती कितीची फाडता? मी म्हटलं, तशी आमची नाही. आजींनी पहिल्यांदाच हातातली विडी सुपात ठेवली. "किती जण हाव तुम्ही जिल्ह्यात?"

हा आकडा माझ्याकडे नव्हता आणि जिल्ह्यात आणखी कुणाकडे असेल असंही वाटत नाही. चित्रकला, शिल्प, संगीत, नाट्य, कलेचा इतिहास शिकवणारे, तासिकेवरचे, अंशकालीन, विनाअनुदानितवाले. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही काही जणींनी यादी करायला घेतली आहे. पंढरपूर, बार्शी, अकलूज, अक्कलकोट असे तालुके वाटून घेतले आहेत. नाव, विषय, किती वर्षांपासून, तासाचा दर, शेवटचं बिल कधी मिळालं. चादरीच्या डिझायनरांची आणि पोस्टरवाल्यांची यादी तिच्यासोबतच चालू आहे, त्यात तासाच्या दराऐवजी नगाचा दर लिहितो आहोत. बार्शीची नावं अजून यायची आहेत.